चिबडातली गौर

सांगलीतल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, लोखंडी कपाटांमध्ये, चार हजार दोनशे बारा वनस्पती वाळवून जाड कागदांवर चिकटवून ठेवलेल्या आहेत. त्या दाबल्या, वाळवल्या आणि चिकटवल्या त्या प्रयोगशाळा सहायक मधु गुळवणी यांनी. कपाटांत डांबराच्या गोळ्या घातल्या त्यांनी, झुरळं मारली त्यांनी आणि महापुराच्या वर्षी मांडीएवढ्या पाण्यातून सगळे गठ्ठे डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेले तेही त्यांनीच. अशा प्रत्येक कागदाच्या, म्हणजे पत्रकाच्या, उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. तिच्यावर वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख आणि शेवटी ‘संग्राहक’ अशी एक ओळ. त्या ओळीत एकतीस वर्षांत एकदाही मधुकाकांचं नाव लागलेलं नव्हतं.

आता यात कुणी मुद्दाम अन्याय केला होता असं नाही. मार्क विद्यार्थ्यांना हवे असतात, सहायकाला नव्हे. सहलीत तळं लागलं की मुलांना आपापल्या बुटांची किंमत आठवायची, मग मधुकाका विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचे, हवी ती वनस्पती काढून आणायचे आणि चिठ्ठीवर ज्याचं त्याचं नाव सुरेख अक्षरात लिहून द्यायचे. तक्रार त्यांनी कधी केली नाही. फक्त अधूनमधून ते कपाट उघडून बघत आणि बंद करताना दार जरा जोरात लावत.

येत्या तीस सप्टेंबरला ते निवृत्त होणार होते. त्याआधी एक तरी पत्रक आपल्या नावाचं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही गोष्ट त्यांनी फक्त पत्नीला, चारुलताकाकूंना, सांगितली होती. त्यामुळे ती विश्रामबागेतल्या त्यांच्या गल्लीत सर्वांना ठाऊक होती.

जुलैमध्ये प्रॅक्टिकलसाठी शेवाळ आणायला ते वाळवा तालुक्यातल्या मळेवाडीला गेले. तिथं नाथाजी थोरात यांची वीस गुंठे चिबड जमीन होती. नाथाजी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. उसाला पाणी पाजून पाजून त्यांनी चांगली काळी जमीन अशी केली होती, की तिच्यात आता बारमाही घोटाभर पाणी आणि कडेनं मिठाचा पांढरा थर. ऊस तिथं उगवायलाच तयार नव्हता. शेवाळ मात्र उत्तम यायचं. मधुकाका बरणी भरत होते आणि त्यांचा हात मध्येच थांबला. पाण्यावर अरुंद, लांबट, तपकिरी झाक असलेली पानं तरंगत होती.

ती पाणतुऱ्याची होती. पाणतुरा हा घाटमाथ्यावरचा. पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला जे कातळाचे सडे आहेत, तिथल्या डबक्यांत तो पावसाळ्यात उगवतो आणि दोन फाट्यांचा जांभळट तुरा काढतो. खाली उसाच्या पट्ट्यात तो सापडल्याची नोंद कुठल्याही पुस्तकात नव्हती. पुस्तकं मधुकाकांनी वाचली नसली, तरी एकतीस वर्षं पुसली होती, आणि पुसता पुसता माणूस बरंच वाचतो. ते बराच वेळ चिखलात तसेच उभे राहिले.

“काय साप हाय का?” बांधावरून नाथाजींनी विचारलं.

“साप नाही. दुर्मीळ वनस्पती आहे.”

“आसंल,” नाथाजी म्हणाले, “हितं पिकाबिगर समदं येतंय.”

दुसऱ्या दिवशी मधुकाकांनी डबीतून आणलेलं एक पान विभागप्रमुख डॉ. राजेश्वरी मॅडमसमोर ठेवलं. मॅडम पंचवीस वर्षांपूर्वी याच विभागात विद्यार्थिनी होत्या आणि तेव्हापासून मधुकाका त्यांना थोडे घाबरत. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं वीसच्या वीस वनस्पती ऑनलाइन मागवल्याचं उघडकीला आलं, तेव्हा मॅडमनी संग्रहाच्या दारावर पाटी लावली होती: ‘संग्राहक म्हणजे ज्या व्यक्तीने वनस्पती जागेवरून स्वतःच्या हाताने, मुळासकट उपटली ती. अन्य नाव चालणार नाही.’ पाटी रंगवली होती मधुकाकांनीच.

मॅडमनी पान भिंगाखाली धरलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग भुवया खाली आणून त्या म्हणाल्या, “पान कुणाचंही असू शकतं, काका. मूळ, पान आणि तुरा, तिन्ही एकाच झाडाचं आणा. तुऱ्याशिवाय मी सही करणार नाही. आणि गावाच्या जैवविविधता समितीची लेखी परवानगी लागेल.”

“गावाला अशी समिती असते?”

“प्रत्येक गावाला असते. कागदावर.”

मळेवाडीच्या ग्रामसेवकानंही आधी नाहीच म्हणून सांगितलं. मग फाईल उघडल्यावर समिती निघाली. ती सहा वर्षांपूर्वी स्थापन झाली होती आणि तिचे अध्यक्ष लालासाहेब हे गृहस्थ त्या क्षणी समोरच्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. आपण अध्यक्ष आहोत हे ऐकून ते स्वतःच चकित झाले.

“नारळ दिल्याला आठवतुया मला,” ते म्हणाले. “पर तो दिव्याच्या खांबाच्या उद्घाटनाचा म्हनून घेतला हुता मी.”

समितीचा शिक्काही होता. तो शोधायला पाच दिवस लागले आणि तो लालासाहेबांच्याच ट्रॅक्टरच्या पान्यांच्या पेटीत सापडला. मधल्या काळात मधुकाका तीनदा मळेवाडीला गेले. तिन्ही वेळा त्यांच्या स्कूटरनं कारखान्याच्या फाट्यावरच मान टाकली. तिन्ही वेळा गावातल्या कुणी ना कुणी त्यांना ‘प्रोफेसर सायेब’ म्हटलं. पहिल्या वेळी त्यांनी चूक दुरुस्त केली, दुसऱ्या वेळी अर्धवट केली आणि तिसऱ्या वेळी ते गप्प बसले.

शिक्का मिळाल्यावर समितीची सभा भरली, तिच्यात कळलं की समितीत महिला सदस्य म्हणून नाथाजींच्या पत्नी अंबूबाई यांचं नाव आहे. त्यांना बोलावणं गेलं. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या आल्या आणि थेट खुर्चीत बसल्या.

“ह्या मेंबरानं करायचं काय आसतं?” त्यांनी विचारलं.

ग्रामसेवकानं परिपत्रक वाचलं: “गावातील दुर्मीळ वनस्पतींची राखण करणे.”

“मग मी राखती,” अंबूबाई म्हणाल्या. सहा वर्षांत समितीनं घेतलेला तो पहिला निर्णय होता; दुसरा मधुकाकांना लेखी परवानगी देण्याचा.

मधुकाकांनी त्यांना बांधावर नेऊन सगळं नीट समजावून दिलं. ही वनस्पती फार मोलाची आहे. आता कळ्या धरतील. तुरा आला की ती काढायची, पण एकही मूळ तुटता कामा नये. मूळ, पान, तुरा सगळं धड हवं. तोवर जनावर नको, कोंबडी नको, कुणाचा पाय नको. अंबूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, “मुळासकट. ठावं हाय मला.” मधुकाकांना त्या बाईंचं फार कौतुक वाटलं. विद्यार्थ्यांना एवढंच समजावायला त्यांचं आख्खं सत्र जायचं.

इकडे गल्लीत सल्ल्यांना ऊत आला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारी उदयसिंह यांनी आधी पेटंट घ्यायला सांगितलं. मग त्यांना आठवलं की त्यांच्या साडूचा मधुमेह अशाच कुठल्याशा पाल्यानं उतरला होता, म्हणून ते दोन पानं मागायला आले. मधुकाकांनी साफ नकार दिला. उदयसिंह दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र मागायला आले. चारुलताकाकूंचं म्हणणं वेगळंच होतं.

“अहो, एकतीस वर्षं लोकांसाठी चिखलात उतरलात, आता स्वतःसाठी उतरताय ते बरंच आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त ती विजार बाहेरच्या नळावर धुवा.”

मळेवाडीत नाथाजींचा धीर सुटत चालला होता. चार वर्षांपूर्वी त्यांनी जमिनीतलं पाणी काढायच्या योजनेत अर्ज केला होता. तो नेमका आत्ता मंजूर झाला होता. गणपती झाले की पाईप पुरायचं यंत्र येणार होतं. शिवाय मोबाईलवरच्या पीक पाहणीत त्या तुकड्यात काय लिहायचं हा प्रश्न होता. पाणतुरा त्या यादीत नव्हता. शेवटी नाथाजींनी ‘इतर चारा’ असं भरलं आणि म्हशीनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ही गोष्ट शासनापासून लपवून ठेवली.

भाद्रपद लागला. अंबूबाईंचा फोन आला: “प्रोफेसर सायेब, सात झाडास्नी तुरं आल्यात. जांभळं, दोन फाट्यांचं. लय देखनं.”

मधुकाकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण विभागात तपासणी समिती आलेली, रजा मिळेना. अखेर मिळाली ती गौरी आवाहनाची सुटी. त्या दिवशी घरीही गौरी. सकाळी चारुलताकाकूंनी त्यांच्या हातात पिशवी दिली आणि आघाडा, केना अशी पत्री आणायला पिटाळलं. मधुकाकांनी विचार केला की आघाडा काय, मळेवाडीलाही असतोच. पिशवीत त्यांनी गुपचूप खुरपं, जुनी वर्तमानपत्रं आणि झाडं दाबायची लाकडी प्रेस घातली. स्कूटर फाट्यावर नेहमीप्रमाणे बंद पडली. ती ढकलत ते दुपारी एकच्या सुमाराला चिबडाच्या बांधावर पोचले.

पाणी होतं. पानं होती. तुरा एकही नव्हता. जिथं सात झाडं होती तिथं सात स्वच्छ खड्डे होते आणि त्यांत पाणी भरत होतं.

त्यांनी दोन वेळा मोजून पाहिलं. मग ते धावत सुटले. वय अठ्ठावन्न, पायात गमबूट, हातात प्रेस. गावात हलगी वाजत होती. थोरातांच्या घरात पावलं काढलेली, उंबऱ्यावर कुंकवाचं पाणी. आत सोप्यात तांब्यावर मुखवटा ठेवून, हिरवं लुगडं नेसवून गौर उभी केलेली होती. आणि मुखवट्याच्या मागून, तेरड्याच्या लाल फुलांच्या बरोबरीनं, दोन फाट्यांचे जांभळट तुरे डोकावत होते. सातच्या सात.

“या या,” अंबूबाई आनंदानं म्हणाल्या. “बगा की. यंदा कुनाचीच गौर आशी न्हाई.”

“अंबूबाई,” मधुकाकांना धाप लागली होती, “तुम्ही राखायला घेतली होती ना ही?”

“व्हय. डोळ्यांत तेल घालून राखली. कोंबडं फिरकू दिलं न्हाई.”

“मग उपटली का?”

अंबूबाईंना प्रश्नच कळला नाही. “आवं, राखली कशापायी? गौरीसाठनंच की! एवढ्या मोलाची म्हनलासा, मग ती दुसऱ्या कुनाला घालायची? आनि तुमी सांगितल्यापरमानं काढली. मुळासकट. एक मूळ तुटलं न्हाई. गौर मुळासकटच आनत्यात, मुळं म्हंजे तिची पावलं.”

मधुकाकांनी एकच झाड देण्याची विनंती केली. सोप्यातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. “गौरीचा पाय उपटून न्हेता व्हय?” असं एक म्हातारी म्हणाली, आणि मधुकाकांना आपण एखाद्या देवळात चोरी करताना सापडलोय असं वाटलं. ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. गमबुटातून पाणी गळत होतं. पुढच्या वर्षी तुरे येतील तेव्हा ते सहायक नसणार, आणि गणपतीनंतर यंत्र आल्यावर तर तुरेही नसणार. त्यांना खरोखर रडू येईलसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे चारुलताकाकू होत्या आणि त्यांना आघाडा हवा होता.

चहा घेऊन सून बाहेर आली. तिचं नाव शिवांजली. नवरा वीरधवल लष्करात, लडाखला. चार वर्षांपूर्वी ती या घरात आली होती.

“सर, तुमी नाराज झालासा,” ती म्हणाली. “पर ही आमच्याकडचीच गौर हाय. पाटनाच्या वर माझं माहेर. तिकडं सड्यावर लय आसती. आमी तेरड्यासंगं हीच घेतो.”

मधुकाकांचा कप ओठापाशी थांबला. “इथं कशी आली मग?”

“माझ्या लग्नाच्या पैल्या गौरीला आईनं धाडली हुती. मुळासकट, चिखलासकट, डब्यात घालून. हिकडं माझं मन रमत न्हवतं, तवा म्हनली, तुझी गौर तरी तुझ्याजवळ आसू दे. तिसऱ्या दिवशी बोळवायला नदी लांब पडली, पाऊसबी लय, म्हनून आत्तींनी आनि मी ती आपल्या चिबडात सोडली.” आतल्या सासूबाईंकडे बघून ती थोडी हसली. “मला वाटलं कुजून गेली आसंल. यंदा आत्तींनी दावली तवा मी वळखली.”

म्हणजे ज्या शोधासाठी मधुकाकांनी दोन महिने चिखल तुडवला, तो शोध एका आईनं डब्यात भरून एसटीनं पाठवला होता. वारा नाही, पक्षी नाही, पूर नाही. त्यांनी चहा संपवला. तो फार गोड होता. अंबूबाईंनी त्यांच्या पिशवीत आघाडा, केना आणि वर शेपूची भाजी-भाकरी भरून दिली, आणि बोळवण तिसऱ्या दिवशी आहे, घरच्या बाईंना घेऊन या, असं बजावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी घरच्या गौरी बोळवून मधुकाका आणि चारुलताकाकू मळेवाडीला गेले. बायका गाणी म्हणत गौर घेऊन चिबडाच्या बांधावर आल्या. अंबूबाईंनी ती पाण्यात बुडवली, दहीभाताचा नैवेद्य सोडला. मग झाडं वर काढली आणि भिजलेल्या हातांनी त्यातलं सर्वांत धडधाकट झाड मधुकाकांपुढे धरलं.

“गौर गेली आपल्या घरी,” त्या म्हणाल्या. “आता ही नुस्ती वनस्पती. समितीची परवानगी हाय, न्ह्या. बाकीची सा परत रोवायची.”

“पण अंबूबाई, ती इथली नाही हो,” मधुकाका म्हणाले. “बाहेरून आणलेली निघाली.”

“बाहेरनं आनली म्हनून काय झालं?” अंबूबाई एकदम तापल्या. “चार वर्सं झाली, कुनी पानी घातलं न्हाई का खत घातलं न्हाई. ज्या रानात ऊस मेला तितं ही नांदली, पोराबाळांची झाली. आमचं मानूस हाय ती आता!”

हे बोलताना त्यांनी झाडाकडे पाहिलं नाही, शिवांजलीकडे पाहिलं. शिवांजली खाली वाकून झाडं रोवत होती. ती बराच वेळ वर उठली नाही. नाथाजी घसा खाकरत बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून ओरडून म्हणाले की यंत्रवाल्याला पंधराच गुंठ्यांचं सांगणार हाय, हा कोपरा ऱ्हाऊ दे.

मधुकाकांनी झाड वर्तमानपत्रात पसरलं. इतकं निर्दोष झाड त्यांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षांत आलं नव्हतं. मूळ न् मूळ शाबूत. फक्त पानांवर हळदीकुंकवाचे डाग होते आणि ते पुसायला त्यांचा हात होईना.

पत्रक तयार झालं. चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख लिहून झाली. ‘संग्राहक’ या ओळीशी त्यांचं पेन चार दिवस थांबलं. झाड कुणी उपटलं हे कुणाला कळणार होतं? मॅडमना कळणार नव्हतं. अंबूबाईंना तर हे असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला.

“घाला की तुमचं नाव,” चारुलताकाकू आमटी वाढत म्हणाल्या. “पण निवृत्त झाल्यावरही तुम्ही ते कपाट बघायला जाणार, मला माहीत आहे. दर वेळी त्या नावाकडे बघवेल का तुम्हाला?”

मधुकाकांना आमटी तिखट लागली.

तीस सप्टेंबरला सकाळी त्यांनी पत्रक क्रमांक चार हजार दोनशे तेरा मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडम वाचू लागल्या. ‘संग्राहक: अंबूबाई नाथाजी थोरात. मूळ रोप: शिवांजली वीरधवल थोरात यांच्या माहेरचे, पाटणहून. शेरा: पानांवरील लाल रंग कुंकवाचा आहे, रोग नव्हे.’

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

मधुकाकांनी गौरीसकट सगळी हकिकत सांगितली आणि संग्रहाच्या दाराकडे बोट केलं. “पाटी तुम्हीच लावलीय, मॅडम. ज्यानं उपटलं त्याचं नाव.”

मॅडमनी पेन उघडलं. त्यांनी सही केली. माणसाच्या हातून घाटाखाली उतरलेली आणि आता स्वतःच्या बळावर टिकलेली, अशी नोंद आपण पाठवू, एवढंच म्हणाल्या. दुपारी निरोप समारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, प्राचार्यांनी भाषणात मधुकाकांना दोनदा ‘मधुकर’ म्हटलं, जे त्यांचं नाव नव्हतं.

संध्याकाळी ते किल्ल्या द्यायला संग्रहात गेले, तर मॅडम तिथंच होत्या. कपाट उघडं. समोर पत्रक क्रमांक दोन हजार तीनशे सतरा. कुमुदिनी. विभागात पाहुणे आले की सर्वांत आधी दाखवायचं ते देखणं पत्रक. संग्राहक म्हणून मॅडमचं माहेरचं नाव, मधुकाकांच्याच अक्षरात.

“काका, त्या दिवशी डबक्यात कोण उतरलं होतं?”

“जुनी गोष्ट आहे, मॅडम.”

“जळवा होत्या त्यात.”

“फार नव्हत्या. तीनच लागल्या.”

“कोण उतरलं होतं, काका?”

मधुकाका किल्ल्यांचा जुडगा बोटांत फिरवत राहिले. “तुम्ही फार घाबरला होता हो,” ते शेवटी म्हणाले. “आणि दुसऱ्या दिवशी तुमची परीक्षा होती.”

मॅडमनी टेबलावरची एक छोटी चिठ्ठी उचलली, मागं डिंक लावला आणि पत्रकावर स्वतःच्या हातानं दाबून बसवली. ‘दुरुस्ती: प्रत्यक्ष संग्राहक, म. गो. गुळवणी.’ खाली सही, आजची तारीख. मग त्या झटकन खिडकीकडे वळल्या आणि पाऊस येणार वाटतं, असं काहीतरी म्हणाल्या. आभाळ चांगलं निरभ्र होतं.

मधुकाका जवळ गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चिठ्ठी तिरकी बसली होती, डिंकही जास्त झाला होता. विद्यार्थ्याचं काम असतं तर त्यांनी ती तिथल्या तिथं सोलून सरळ लावायला सांगितली असती. त्यांनी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला, पत्रक जागेवर ठेवलं आणि कपाटाचं दार अगदी हळू लावलं.